शिराझ आणि मुरण्याचा काळ

फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या खोऱ्यात सिरा या काळ्या द्राक्षाची वाईन तळघरात दहा-वीस वर्षे मुरवून चाखण्याची रीत जुनी आहे. हर्मिटाज आणि कोत-रोती ही त्यातली नामांकित वाईन-क्षेत्रे. नव्या वाईनचा तुरटपणा टॅनिनमुळे असतो. वर्षे लोटतात तशी टॅनिन आणि रंगद्रव्ये एकमेकांना चिकटून जड होतात व गाळ तळाशी बसतो. जांभळा रंग विटकरी होतो, ताज्या फळाचा गंध मागे सरतो आणि चामडे, सुके अंजीर, तंबाखू असे गंध पुढे येतात. यातला शेवटचा तंबाखू पिकवणाऱ्या निपाणीकराला शिकवावा लागणार नाही.

हेच द्राक्ष शिराझ या नावाने दख्खनच्या पठारावर आले. महाराष्ट्रातल्या आधुनिक वाईनची सुरुवात 1980च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी केली, पण त्यांचे नाव झाले ते फेसाळ वाईनमुळे. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाईन 2000 साली आली. 2001च्या राज्य धोरणाने या धंद्याला करसवलती दिल्या. विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन पार्क उभे राहिले. कर्नाटकाने 2007 साली आपले धोरण आणले आणि कृष्णा खोऱ्यावर भर दिला. मात्र बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्या बाजूला, पाऊस इतका की केवडा रोग बाग टिकू देत नाही; जिल्ह्यातली द्राक्षे पूर्वेला, कोरड्या अथणी तालुक्यात पिकतात.

वेलीचे इथले वर्ष ऱ्होनपेक्षा फार वेगळे आहे. तिथे हिवाळ्यात वेल झोपते; इथे ती झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळ छाटणी करावी लागते. घड जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. शेवटच्या आठवड्यांत ऊन चढले की साखर झपाट्याने वाढते आणि आम्लता उतरते. दीर्घकाळ मुरायला आम्लता हवीच, त्यामुळे इथली बहुतेक शिराझ दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच बनते. निवडक माल तेवढा ओकच्या पिंपांत जातो.

बागेलाही काळ पुरेसा मिळाला नाही, आणि हे नुकसान मोठे होते. 2008च्या मंदीनंतर मागणी घसरली, द्राक्षे पडून राहिली आणि नाशिककडच्या अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. जुन्या वेलीला घड कमी लागतात, पण त्यांचा रस दाट असतो. त्या वयाला पोहोचण्याआधीच कितीतरी बागा गेल्या. 2010 साली नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या पडझडीच्या काळातच.

घरी मुरवण्यातली खरी अडचण उन्हाळ्याची आहे. बाटलीला 12 ते 15 अंश तापमान लागते आणि तेही स्थिर. एप्रिल-मेमध्ये बेळगावच्या जाड भिंतींच्या माजघरातही ते मिळत नाही. म्हणून हौशी लोक वाईनसाठीचे खास शीतकपाट वापरतात. बूच ओले राहावे यासाठी बाटली आडवी ठेवतात. उघडण्याच्या आदल्या दिवशी ती उभी करतात, म्हणजे गाळ खाली बसतो, आणि मग वाईन अलगद दुसऱ्या भांड्यात ओततात. फार जुनी वाईन उघडल्यावर लवकर उतरते. ती ओतल्या ओतल्या चाखावी लागते.