विज्ञानभैरव: पोथी, छापील प्रत आणि प्रवचन

प्रवचनांचे ग्रंथ आपल्याकडे पुष्कळ वाचले जातात. वाङ्मयप्रकार म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते. वक्ता कोण, हे सारेच विचारतात. त्याच्यासमोर कोणती प्रत होती, हे सहसा कोणी विचारत नाही. या दुसऱ्या प्रश्नाचे मोल दाखविण्यासाठी एक उदाहरण घेऊ. रजनीश यांनी १९७२-७३ मध्ये मुंबईत, पेडर रोडवरील वुडलँड्स या इमारतीत, 'विज्ञानभैरव' या तंत्रग्रंथावर इंग्रजीतून ८० प्रवचने दिली. पुढे ती 'द बुक ऑफ द सीक्रेट्स' या नावाने पाच खंडांत निघाली, आणि हिंदीत 'तंत्र-सूत्र' म्हणून घरोघरी पोहोचली. तंत्र म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर आजही अनेक वाचक याच ग्रंथातून घेतात. म्हणूनच त्याच्या जन्माची हकीकत ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मूळ 'विज्ञानभैरव' हा सुमारे १६० श्लोकांचा संस्कृत ग्रंथ आहे. तो स्वतःला रुद्रयामलाचे सार म्हणवितो. अभ्यासक त्याचा काळ इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकाच्या आसपास मानतात. देवी विचारते आणि भैरव उत्तर देतो. त्या उत्तरात ११२ धारणा येतात. अकराव्या शतकातील क्षेमराजाची टीका पहिल्या २३ श्लोकांपुरतीच उपलब्ध आहे. पुढील भागावर अठराव्या शतकातील शिवोपाध्यायाची विवृती आहे. या दोन्ही टीकांसह मूळ ग्रंथ पंडित मुकुंदराम शास्त्री यांनी संपादिला आणि काश्मीर संस्थानाच्या ग्रंथमालेत तो १९१८ साली प्रसिद्ध झाला. छपाई झाली ती मुंबईच्या तत्त्वविवेचक छापखान्यात. म्हणजे ज्या शहरात हा ग्रंथ १९७२ मध्ये बोलला गेला, त्याच शहरात तो चोपन्न वर्षांपूर्वी छापलाही गेला होता.

तथापि रजनीशांच्या प्रवचनांचा आधार ही मुंबईची संस्कृत प्रत नव्हती. तो आधार अमेरिकेतून आला होता. पॉल रेप्स या अमेरिकन लेखकाने काश्मीरमध्ये स्वामी लक्ष्मणजू (१९०७-१९९१) यांच्याकडून या ग्रंथाचा अर्थ ऐकला आणि ११२ धारणा छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यखंडांत उतरविल्या. 'सेंटरिंग' हे त्या लेखनाचे नाव. १९५७ साली ते 'झेन फ्लेश, झेन बोन्स' या झेनकथांच्या पुस्तकात अखेरचे प्रकरण म्हणून आले. हे शिक्षण चार हजार वर्षांहून जुने असून कदाचित तेच झेनचे मूळ असावे, अशी रेप्स यांची कल्पना होती. शैव तंत्र झेनच्या पुस्तकात शिरले ते या कल्पनेच्या बळावर. तिला इतिहासाचा आधार नाही. परंतु रजनीशांच्या प्रवचनांत ग्रंथाचे वय पाच हजार वर्षे होते, ते याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय.

आता या प्रवासात काय गळाले ते पाहू. पहिली गळती आरंभाची. मूळ ग्रंथात देवीचे प्रश्न शास्त्रकोविदाचे आहेत. भैरवाचे तत्त्व शब्दराशीत आहे काय, नवात्म मंत्रात आहे काय, नादबिंदूत आहे काय, असे ती एकेक संप्रदायमत पुढे ठेवते आणि भैरव त्यांची मर्यादा दाखवितो. शक्ती आणि शक्तिमान यांचा अभेद तेथेच मांडला जातो. रेप्स यांनी हा वाद काढून टाकला आणि त्या जागी विश्वाच्या नवलाविषयीचे काही सुटसुटीत प्रश्न ठेवले. तंत्र हे तत्त्वज्ञान नाही, ते केवळ विधींचे विज्ञान आहे, असे रजनीश पहिल्याच प्रवचनात बजावतात. हे विधान अनेकांना क्रांतिकारक वाटले. आमच्या मते त्याचा काही भाग हातातल्या प्रतीने सुचविलेला आहे. ज्या प्रतीतून तत्त्वचर्चाच वगळलेली आहे, ती वाचणाऱ्याला मूळ ग्रंथात तत्त्वचर्चा नाही असेच वाटणार.

दुसरी गळती व्याकरणाची आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली धारणा चोविसाव्या श्लोकात येते. वर प्राण, खाली जीव म्हणजे अपान, आणि या दोन्ही रूपांनी स्वतःला उच्चारणारी विसर्गरूपिणी परा देवी, अशी तेथील वाक्यरचना आहे. क्रियापदाची कर्त्री परा आहे. श्वास साधकाचा असला तरी उच्चार तिचा आहे. साधकाने त्या दोन उगमस्थानी लक्ष भरून ठेवावयाचे. रेप्स यांच्या वाक्यात परा नाही, विसर्गही नाही. दोन श्वासांमधला क्षण आणि त्यात उमटणारा अनुभव एवढेच उरते. या वाक्यावर बोलताना रजनीश बुद्धाच्या आनापानसतीपर्यंत जातात आणि दोहोंचे तंत्र एकच मानतात. कर्त्री नाहीशी झाल्यावर हे सहज शक्य होते. ती जागेवर असती, तर शैव आणि बौद्ध यांतील भेदाला उत्तर द्यावे लागले असते.

तिसरी गळती अखेरची. ११२ धारणा संपल्यावर मूळ ग्रंथ थांबत नाही. सारे असे असेल तर जप कोणाचा, पूजा कोणाची, होम कशाचा, असे देवी विचारते. भैरव त्या शब्दांचे अर्थ आत वळवितो. पूजा फुलांनी होत नाही, निर्विकल्पात बुद्धी दृढ करणे ही पूजा. शून्याच्या अग्नीत इंद्रिये आणि विषय मनासह अर्पिणे हा होम, आणि चेतना ही त्याची स्रुचा. शिवाय हे रहस्य परशिष्याला, दुष्टाला, गुरुभक्ती नसलेल्याला देऊ नये, असा निर्बंधही आहे. रेप्स यांचे लेखन बाराशेबाराव्या नव्हे, एकशेबाराव्या धारणेशी संपते. म्हणून कर्मकांडाचा हा अंतर्मुख पुनर्विचार आणि अधिकाराची अट, दोन्ही ८० प्रवचनांच्या मूळ आधारातच नाहीत. वुडलँड्समध्ये समोर बसलेल्या श्रोत्यांना अधिकाराचा प्रश्न कोणी विचारला नाही. तसा तो १९१८ च्या छपाईनेही सैल केला होता, हे मान्य केले पाहिजे.

मग ही प्रवचने टाकून द्यावयाची काय? मुळीच नाही. त्यांची रचना पाहा: एका प्रवचनात काही धारणांचे विवरण, पुढच्यात श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे. जवळजवळ अर्धा ग्रंथ श्रोत्यांच्या शंकांनी घडविला आहे. त्या काळचे शहरी, मानसशास्त्राशी परिचित, काम आणि अपराधभाव यांनी त्रस्त असलेले मन त्यांत स्पष्ट दिसते. मूळ ग्रंथात स्त्रीसंगाचा उल्लेख करणारे श्लोक जेमतेम दोन-तीन. प्रवचनांत त्या विषयाने जी जागा व्यापली, ती श्रोत्यांच्या काळाने दिलेली आहे. या दृष्टीने हा ग्रंथ १९७२-७३ च्या मुंबईचा अस्सल दस्तऐवज आहे. नवव्या शतकातील काश्मीरचा पुरावा म्हणून मात्र तो उभा करता येणार नाही.

याच संदर्भात लक्ष्मणजूंची दुसरी शिष्यपरंपरा आठवते. लिलियान सिल्बर्न यांचे फ्रेंच भाषांतर (१९६१) आणि जयदेव सिंह यांचे इंग्रजी भाषांतर (१९७९) ही दोन्ही त्यांच्याच पायाशी बसून झालेल्या अध्ययनाची फळे. लक्ष्मणजूंची स्वतःची ध्वनिमुद्रित व्याख्यानेही पुढे ग्रंथरूपाने आली. १९८५ चे 'काश्मीर शैविझम: द सीक्रेट सुप्रीम' हे त्यांतील प्रसिद्ध. त्यात विनोदी दाखले नाहीत, शहरी श्रोता नाही; छत्तीस तत्त्वे, षडध्वा, तीन उपाय असा पाठशाळेचा क्रम आहे. एकाच माणसाच्या वाणीतून एकीकडे ही अभ्यासाची वाट निघाली आणि दुसरीकडे, रेप्स यांच्या कानांमार्फत, रजनीशांची. दोन्ही वाटांचा उगम निशातजवळच्या एकाच आश्रमात आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. चक्रधरांचे बोलणे म्हाइंभटांनी जमविले म्हणून 'लीळाचरित्र' आहे. सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली म्हणून 'ज्ञानेश्वरी' आहे. 'अमृतानुभवा'त ज्ञानदेव शिवसूत्राचा नावानिशी आधार घेतात, तेव्हा काश्मीर आणि गोदातीर यांतील अंतर क्षणभर मिटते. बोललेल्या शब्दाचा ग्रंथ कसा होतो, लिहिणाऱ्याचा हात त्यात किती, पाठभेद कोठून येतात, हे प्रश्न आपण या ग्रंथांना दीर्घकाळ विचारीत आलो आहोत. तेच प्रश्न आधुनिक प्रवचनसंग्रहांना विचारण्यात अनादर नाही. श्रद्धावान त्यांना प्रश्नापलीकडचे मानतो आणि विद्वान त्यांना प्रश्नालाही अपात्र ठरवितो; दोघांच्याही हातून वाचन निसटते. विद्यापीठीय निबंधात 'तंत्र म्हणते' असे लिहून खाली या प्रवचनांचा हवाला देणाऱ्या विद्यार्थ्याला आमचे एवढेच सांगणे: कोणते तंत्र, कोणत्या प्रतीतले आणि कोणाच्या तोंडून, ही तीन उत्तरे आधी लिहावीत, मग पुढचे वाक्य.