काळ्या पाण्याची सहल

फराळाचे डबे तळाला लागले, की घरोघरी सहलीचे बेत शिजू लागतात. यंदा आमच्या सांगलीच्या घरी अंदमानची टूम निघाली आणि मन मागे गेले.

१९०९ साली बाबाराव सावरकरांना देशभक्तीच्या कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली. अंदमानच्या त्या प्रवासाचा सारा बेत सरकारनेच आखला होता; परतीचा दिवस तेवढा ठरवला नव्हता! १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या तेथील सेल्युलर तुरुंगात कैद्यांना कोलूला जुंपून खोबऱ्याचे तेल गाळून घेत. १९२१ साली बाबारावांना परत आणले, तेव्हा देह पार खंगला होता. पुढे १६ मार्च १९४५ रोजी त्यांनी आमच्या सांगलीतच देह ठेवला.

वाचकहो, आता खात्रीचा सल्ला ऐका. दिवाळीच्या सुमारास तेथे अजून पाऊस असतो, पौष-माघात जावे. चेन्नईहून बोटीला सुमारे तीन दिवस लागतात, विमानाला दोन-अडीच तास. तेथे दिवस लवकर मावळतो, म्हणून तुरुंग सकाळीच पाहावा. त्याच्या सात भुजांपैकी आज तीनच उभ्या आहेत. समुद्र पाहावा, शहाळे प्यावे. पण ते मुलांच्या हाती देताना, त्याच नारळाचे तेल कोणी आणि कशासाठी गाळले, एवढे सांगावे. मग ती नुसती सहल राहणार नाही.