प्रयोगशाळेत वाढवलेल्या ब्राह्मीचा मेंदूवरचा परिणाम कसा तपासतात?

केसांच्या तेलापासून स्मरणशक्तीच्या गोळ्यांपर्यंत ब्राह्मी सगळीकडे दिसते. पण ती कोणती ब्राह्मी? महाराष्ट्रात मंडूकपर्णीलाही ब्राह्मी म्हणतात आणि पाणथळ जागी वाढणाऱ्या नीरब्राह्मीलाही. या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. स्मरणशक्तीवरच्या संशोधनात प्रामुख्याने नीरब्राह्मी, म्हणजे 'बाकोपा मोनिएरी' वापरली जाते.

प्रयोगशाळेत का वाढवतात?

नीरब्राह्मीतल्या 'बॅकोसाइड' या घटकांचं प्रमाण जागा आणि हंगामानुसार बदलतं. शिवाय ही वनस्पती दूषित पाण्यातले जड धातू शोषून घेते. म्हणून रोपाचा छोटा तुकडा निर्जंतुक करून क्षार, साखर आणि जीवनसत्त्वं असलेल्या माध्यमावर वाढवतात. यालाच ऊतीसंवर्धन म्हणतात. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये मांडलेलं माध्यम यासाठी आजही वापरलं जातं.

मात्र अशा रोपात बॅकोसाइड तितकंच तयार होईल याची खात्री नसते. त्यामुळे आधी अर्कातलं प्रमाण मोजतात, मग प्राण्यांवर चाचणी होते. भारतात त्यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते.

चाचणीत काय होतं?

- स्मरणशक्ती: गोल हौदात पाण्याखाली चौथरा लपवलेला असतो. सरावानंतर उंदीर तो किती लवकर शोधतो, हे पाहतात. ही पद्धत रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडली.
- भीती: अधिक चिन्हाच्या आकाराच्या उंच मार्गिकेच्या दोन बाजूंना भिंती असतात, दोन उघड्या असतात. घाबरलेला उंदीर भिंतींच्या आडोशाला जास्त वेळ थांबतो.

एका गटाला अर्क, दुसऱ्याला अर्काशिवाय नुसतं द्रावण आणि तिसऱ्याला नैसर्गिक रोपाचा अर्क देतात. कोणाला काय दिलं, हे निरीक्षकाला माहीत नसावं लागतं. पोहण्याचा वेगही मोजतात. कारण अर्काने गुंगी आली तर उंदीर हळू पोहेल आणि त्याची स्मृती कमी झाल्यासारखं वाटेल.

मग माणसांचं काय?

उंदराला चौथरा लवकर सापडला म्हणजे विद्यार्थ्याचे गुण वाढतील, असं नाही. या चाचण्यांतून प्रयोगशाळेतला अर्क नैसर्गिक अर्काच्या तोडीचा आहे का, एवढं कळतं. पुढचं उत्तर माणसांवरच्या चाचण्याच देऊ शकतात. नीरब्राह्मीच्या अशा काही चाचण्या १२ आठवडे चालल्या. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गोळ्या सुरू करण्याला या संशोधनाचा आधार नाही.