भिंतीवरचा डास

गावाकडची जुनी माणसं अजून 'मलेरियावाल्यां'ची आठवण काढतात. पंप घेऊन यायचे, घरात डीडीटी फवारायचे आणि भिंतीवर तारीख लिहून जायचे. रक्त पिऊन जड झालेली डासाची मादी भिंतीवर टेकते, तिथेच तिला गाठायचं, अशी साधी युक्ती. १९५३ साली देशभर मोहीम सुरू झाली. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साधारण ७.५ कोटी रुग्ण असावेत असा अंदाज होता. १९६५ पर्यंत ते सुमारे १ लाखावर आले!

पण १९५९ मध्येच, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पंचमहालात, डीडीटीला न जुमानणारा ॲनोफिलिस क्युलिसिफॅसीस सापडला होता. डास काही नवं शिकला नव्हता. त्यांच्यातले थोडे मुळातच चिवट होते. बाकीचे मेले, यांची पिलावळ वाढली. शेतातल्या फवारणीनेही हातभार लावला.

१९७६ साली रुग्ण ६४ लाखांवर गेले. पैसा, माणसं, औषध कमी पडलं हेही खरंच. पण राहून राहून वाटतं... १९६५ च्या आकड्यावर आपण खूश होतो, तेव्हा भिंतीवरच्या त्या तारखेशेजारीच तो निवांत बसलेला होता.