लिमरिक सिटी आर्टिलरी मिलिशिया

लिमरिक सिटी आर्टिलरी मिलिशिया ही आयर्लंडमधील लिमरिक शहराची अर्धवेळ तोफखाना रेजिमेंट होती. १७९३ मध्ये पायदळ म्हणून उभारलेल्या लिमरिक सिटी मिलिशियाचे १८५० च्या दशकात तोफखान्यात रूपांतर झाले. १७९८ च्या कोलूनी येथील लढाईमुळे ही रेजिमेंट विशेष परिचित आहे.

स्थापना

फ्रान्सशी युद्ध सुरू होताच आयरिश संसदेने १७९३ मध्ये मिलिशिया कायदा संमत केला. चिठ्ठ्या टाकून सक्तीने भरती करण्याच्या तरतुदीविरुद्ध त्या वर्षी अनेक ठिकाणी दंगली उसळल्या. बहुतेक साधे सैनिक कॅथलिक, तर अधिकारी प्रामुख्याने प्रोटेस्टंट जमीनदार होते. त्यामुळे बंडाच्या प्रसंगी हे सैनिक एकनिष्ठ राहतील का, याविषयी शासनाला सतत शंका वाटे. रेजिमेंटला सहसा स्वतःच्या परगण्याबाहेर तैनात केले जाई.

कोलूनीची लढाई

ऑगस्ट १७९८ मध्ये जनरल अंबेर याच्या नेतृत्वाखाली सुमारे १,००० फ्रेंच सैनिक आयरिश बंडखोरांच्या साहाय्यार्थ मेयो परगण्यात उतरले. २७ ऑगस्ट रोजी कॅसलबार येथे सरकारी फौजेची दाणादाण उडाली. तेथून पळालेल्यांत मिलिशियाचे सैनिकही होते व काही जण शत्रूला जाऊन मिळाले.

लिमरिक सिटी मिलिशिया त्या वेळी स्लायगो येथे होती. ५ सप्टेंबर रोजी कर्नल चार्ल्स व्हेरेकर याने सुमारे ३०० सैनिक व दोन हलक्या तोफा घेऊन कोलूनी येथे शत्रूची वाट अडवली. फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या बार्थोलोम्यू टीलिंग या आयरिश अधिकाऱ्याने एकट्याने घोडा पुढे घालून तोफेवरील गोलंदाजास ठार केले. तासाभराहून अधिक काळ झुंजल्यावर व्हेरेकर तोफा मागे टाकून स्लायगोकडे परतला.

लढाई हरली, तरी तिचा परिणाम मोठा झाला. ही तुकडी म्हणजे मोठ्या सैन्याची बिनीची फौज असावी, असा अंबेरचा समज झाला आणि स्लायगोवर न जाता तो आग्नेयेस वळला. तीन दिवसांनी बॅलिनामक येथे त्याला शरणागती पत्करावी लागली. फ्रेंचांना युद्धकैदी मानण्यात आले. त्यांच्या आयरिश साथीदारांची मात्र मोठ्या प्रमाणावर कत्तल झाली. टीलिंगला त्याच महिन्यात डब्लिन येथे फाशी देण्यात आली.

तोफखान्यात रूपांतर

नेपोलियनची युद्धे संपल्यावर मिलिशिया केवळ कागदावर उरली. क्रिमियाच्या युद्धकाळात ती पुन्हा उभारताना लिमरिक सिटी मिलिशियाकडे तोफखान्याचे काम आले. आता भरती ऐच्छिक होती. सैनिक एरवी आपापला व्यवसाय करीत आणि दरवर्षी काही आठवडे कवायत व तोफांचे प्रशिक्षण घेत. किनाऱ्यावरील किल्ले सांभाळून खड्या तोफखान्यास आघाडीसाठी मोकळे करणे, हा अशा रेजिमेंटांचा उद्देश होता. १८८२ मध्ये ही रेजिमेंट रॉयल आर्टिलरीच्या साउथ आयरिश डिव्हिजनमध्ये व १८८९ मध्ये सदर्न डिव्हिजनमध्ये समाविष्ट झाली. १९०२ मध्ये ती रॉयल गॅरिसन आर्टिलरीचा भाग बनली.

विसर्जन

१९०८ मध्ये मिलिशियाची जागा स्पेशल रिझर्व्ह या राखीव दलाने घेतली. किल्ल्यांवरील तोफांसाठी तयार झालेल्या या रेजिमेंटला मैदानी तोफखान्याच्या राखीव दलात घालण्यात आले. परंतु ही योजना टिकली नाही व १९०९ मध्ये ती बरखास्त झाली.

वारसा

व्हेरेकर पुढे व्हायकाउंट गॉर्ट झाला. ‘कोलूनी’ हे त्याच्या घराण्याचे ब्रीद बनले. कोलूनी येथे मात्र १८९८ मध्ये, बंडाच्या शताब्दीनिमित्त, टीलिंगचे स्मारक उभारण्यात आले.