गोधडी

गोधडी हे जुन्या कापडांचे थर एकावर एक रचून व त्यांवर हाताने धावदोरा घालून शिवलेले घरगुती अंथरूण-पांघरूण आहे. दुलई आणि रजई यांत पिंजलेला कापूस भरला जातो. गोधडीच्या पोटात मात्र वापरून जीर्ण झालेली कापडेच असतात व ती केवळ टाक्यांच्या ओळींनी एकत्र बांधलेली असतात. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने घरातील स्त्रिया करीत आल्या आहेत.

नावे

पश्चिम व दक्षिण महाराष्ट्रात गोधडीला 'वाकळ' असेही म्हणतात. वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा उच्चार 'य' होत असल्याने हाच शब्द 'वाकय' असा ऐकू येतो. चार पदरी पांघरुणास 'चौघडी', तर तान्ह्या बाळाच्या लहान गोधडीस 'दुपटे' म्हणतात. हिंदीतील 'गुदडी' हा शब्द गोधडीशी जवळचा आहे. संस्कृतात ठिगळे जोडून केलेल्या वस्त्रास 'कंथा' ही संज्ञा आहे. एखाद्याच्या अननुभवावर बोट ठेवताना 'तेव्हा तू गोधड्या ओल्या करीत होतास' असे मराठीत म्हटले जाते.

कापूसपट्ट्यातील गोधडी

यवतमाळ जिल्हा कापसासाठी प्रसिद्ध आहे. मुकुटबन हे या जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील गाव. तालुक्याच्या दक्षिणेस पैनगंगा नदी असून तिच्या पलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा लागतो. तेलुगू भाषेत अशा पांघरुणास 'बोंत' म्हणतात.

कापूस हे नगदी पीक आहे. वेचलेला कापूस घरात न राहता बाजारात व तेथून जिनिंगमध्ये जातो. त्यामुळे कापूस पिकविणाऱ्या घरातही पांघरूण बहुधा जुन्या लुगड्या-धोतरांचेच असे. शेतीच्या वर्षाशीही या कामाचा मेळ आहे. जूनमधील पेरणीपासून निंदण-खुरपण व दिवाळीच्या सुमारास सुरू होणारी वेचणी संपेपर्यंत स्त्रियांना उसंत मिळत नाही. होळीनंतर शेतातील कामे कमी होतात आणि कडक उन्हामुळे धुतलेली कापडे लवकर वाळतात. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी ओसरीत वा झाडाच्या सावलीत गोधडी शिवण्याची रीत पडली.

साहित्य

सुती लुगडी, धोतरे, सदरे, परकर, चादरी व शिवणकामातून उरलेले तुकडे यांपासून गोधडी होते. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ८.२ मीटर असते. त्याचे चार समान तुकडे केल्यास प्रत्येक तुकडा दोन मीटरपेक्षा किंचित लांब होतो. दोन-दोन तुकडे पन्ह्याच्या बाजूने जोडले की एका मोठ्या गोधडीची वरची व खालची अशा दोन्ही बाजू तयार होतात. म्हणजे एका लुगड्यात गोधडीचे बाहेरचे अंग पूर्ण होते व बाकीची कापडे आत जातात. याशिवाय लांब सुई, जाड सुती दोरा व बोटाला अंगुस्तान एवढेच साहित्य लागते.

शिवण्याची पद्धत

प्रथम कापडांच्या शिवणी उसवून गुंड्या, हुक व जाड पट्ट्या काढतात. कापडे धुऊन पूर्ण वाळवितात. ओल राहिल्यास आतल्या थरांना बुरशी लागते. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर अस्तर ताणून पसरतात आणि कोपऱ्यांवर वजन ठेवतात. त्यावर आतील तुकडे असे मांडतात, की एकाचे विरलेले ठिकाण दुसऱ्याच्या मजबूत भागाखाली येईल. वरचे कापड घातल्यावर मोठे कच्चे टाके घालून सर्व थर टाचून घेतात. कडा आत दुमडून शिवल्यानंतर धावदोऱ्याच्या ओळी सुरू होतात.

काही ठिकाणी ओळी सरळ एकमेकींना समांतर असतात. काही ठिकाणी कडेपासून आत चौकोनात चौकोन घालीत मध्यापर्यंत जातात. या दुसऱ्या पद्धतीत कापडाचा सैलपणा मध्याकडे सरकतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर हाताने कापड सारखे करावे लागते, अन्यथा शेवटी मध्यभागी चुण्या पडतात.

कामाचे मोजमाप

दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद गोधडीवर दोन-दोन सेंटिमीटर अंतराने ओळी घातल्यास एकूण शिवण सुमारे १५० मीटर भरते. दर सेंटिमीटरला एक टाका धरला तर ही संख्या १५,००० च्या आसपास जाते. चौकोनी पद्धतीत पहिली फेरी सुमारे सात मीटरची असते व पुढील प्रत्येक फेरी १६ सेंटिमीटरने लहान होते. त्यामुळे निम्म्या फेऱ्या झाल्या की सुमारे दोन तृतीयांश काम संपलेले असते. सुरुवातीला संथ वाटणारे काम पुढे झपाट्याने सरकते, ते यामुळेच.

इतर प्रदेशांतील प्रकार

बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानातील रल्ली व कर्नाटकातील कौदी हे गोधडीचे सगोत्र प्रकार आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया 'कवंदी' शिवतात. तीही कडेकडून मध्याकडे शिवली जाते आणि तिच्या कोपऱ्यांवर 'फूल' नावाचे घडीचे तुकडे लावतात.

सामाजिक संदर्भ

दुपट्यासाठी आजीचे वा आईचे जुने लुगडे निवडण्यामागे व्यावहारिक कारण आहे: वारंवार धुतलेले सुती कापड मऊ होते व बाळाच्या त्वचेला टोचत नाही. काही घरांत निवर्तलेल्या माणसाची वस्त्रे गोधडीत घालून जपतात. गोधडी फाटली तरी टाकून देत नाहीत; ती नव्या गोधडीच्या पोटात जाते.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) अंगावर चिंध्यांचे वस्त्र वापरीत. त्यामुळे लोक त्यांना 'गोधडे महाराज' असेही म्हणत. गरिबीची खूण मानले जाणारे वस्त्र त्यांनी आपली ओळख म्हणून स्वीकारले.

सद्यस्थिती

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम धाग्यांच्या साड्या स्वस्त झाल्या व घरातील जुन्या सुती कापडाचा साठा घटला. असे कापड सुईखाली घसरते व घाम शोषत नाही. गिरणीच्या चादरी आणि ब्लँकेटे यांनीही गोधडीची जागा घेतली. काही स्त्रिया मजुरीवर इतरांच्या गोधड्या शिवून देतात, तर शहरांत नव्या कापडाच्या, यंत्रावर शिवलेल्या गोधड्या विकल्या जातात.

घरगुती गोधडीवर शिवणाऱ्या स्त्रीचे नाव किंवा वर्ष लिहिलेले नसते. कोणता तुकडा कोणाच्या वस्त्राचा, हे तिलाच ठाऊक असते. तिने ते कोणाला सांगितले नाही, तर गोधडी घरात राहते. पण ती माहिती राहत नाही.