तीन माणसांचे बोधचिन्ह

लू शुन आम्हां साहित्याच्या मंडळींना 'आ क्यू'चे जनक म्हणून ठाऊक असतात. पेकिंग विद्यापीठाचे बोधचिन्हही त्यांचेच, हे सहसा वर्गात सांगितले जात नाही. १९१७ साली कुलगुरू त्साय युआनपै यांच्या विनंतीवरून त्यांनी विद्यापीठाच्या संक्षिप्त नावातील 'बै' आणि 'दा' ही दोन अक्षरे गोलाकार बसवली. वरच्या अक्षरात पाठीला पाठ लावलेली दोन माणसे दिसतात. खालच्यात त्यांचा भार पेलणारे एक. दीप, ग्रंथ, कमळ अशा आपल्याकडच्या ठरावीक चिन्हांपैकी येथे काहीच नाही.

१९३७ मध्ये जपान्यांनी शहर घेतले आणि विद्यापीठाच्या 'लाल इमारती'च्या तळघरात लष्करी पोलिसांचा तुरुंग झाला. माणसे मात्र निघाली होती. छिंगहुआ व नानकाई या विद्यापीठांसह ती आधी छांगशाला, पुढे १९३८ मध्ये खुनमिंगला पोचली. सुमारे ३०० जण ६८ दिवसांत, बहुतांशी पायी. त्यांत छिंगहुआचे कवी-प्राध्यापक वन यीदुओ होते. खुनमिंगचे आवार म्हणजे मातीच्या भिंती, वर्गांवर पत्रे, वसतिगृहांवर गवत. पावसात व्याख्यान ऐकू येत नसे.

१९४६ मध्ये तिन्ही विद्यापीठे परतली. वन यीदुओ परतले नाहीत. जुलैत खुनमिंगमध्येच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.